थांबू, गोळ्या घेऊ की सफाई करू?

आमच्या कंपनीच्या बसमध्ये एवढे किस्से जमा होतात की सांगायला बसलं तर कळमेश्वर येईल आणि मागेही पडेल! सकाळी सीताबर्डीहून कळमेश्वरच्या कारखान्यासाठी बस निघते. अकाउंट्सच्या वंदनाताई, पॅकिंगची रेखा आणि लॅबमधली मी, प्रणाली, अशा तिघी रोज एकत्र बसतो. साहेबांचे किस्से, सासवांचे किस्से, वेळेवर न उघडणाऱ्या कुकरचे किस्से! पण गेल्या उन्हाळ्यात माझ्याच नावावर इतके जमले की वंदनाताई म्हणाल्या, "हे तूच सांगत जा वं. आम्ही सांगितले तर रडू."

मी सांगते तेव्हा त्या आधी हसतात. रडणं काही चुकत नाही.

*

मला दिवस गेलेत हे मी बसमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. तीन महिने तोंड उघडायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं. पण बस अचानक इतकी हळू चालायला लागली की मागून मशीन शॉपची पोरं ओरडायची, "भाऊ, उतरून धक्का देऊ का?"

एकदा उतरताना मी ड्रायव्हर गजाननभाऊंना विचारलं, "गाडी बिघडली काय, भाऊ?"

"नाही ताई."

"मग?"

ते समोर बघतच म्हणाले, "तुम्ही मागची सीट सोडून पुढं आल्या. दोघींलेही ओढत आणलं. रस्ताभर चिंचेच्या गोळ्या चघळून राहिल्या. मले तीन पोरी आहेत ताई. स्पीड ब्रेकर कोणासाठी हळू घ्यायचा, येवढं समजते मले!"

*

सोनोग्राफीला माझा नवरा सचिन मोबाइल हातात घेऊनच आत आला. त्याला ठोके रेकॉर्ड करायचे होते. डॉक्टर मॅडमनी मोबाइल खिशात ठेवायला लावला. मग त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. एरवी सतत बोलणारी बाई, एकदम गप्प. मला तेव्हाच कळलं.

"ठोके दिसत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "वाढ थोडी आधीच थांबली आहे."

सचिन हळूच म्हणाला, "मॅडम, झोपलं असेल न."

मॅडमनी माझ्या पोटावरचा जेल स्वतःच्या हातानं पुसला. नर्स शेजारीच उभी होती, तरी.

*

केबिनमध्ये मॅडमनी नीट समजावलं. याला मिस्ड मिसकॅरेज म्हणतात. बाळ गेलंय, पण शरीराला अजून पत्ता नाही. तुमच्या काही करण्यानं झालेलं नाही. बसनं नाही, जिन्यानं नाही, पपईनं तर नाहीच. आता तीन रस्ते. थांबलं तर आपोआप होऊ शकतं, पण कधी ते सांगता येत नाही. नाहीतर गोळ्या, घरीच. किंवा भूल देऊन सफाई, त्याच दिवशी घरी. "तब्येत ठीक आहे, घाई नाही. ठरवायचं तुम्ही."

सचिन बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, मोबाइलच्या दुकानात आहे. गिऱ्हाइकं दिवसभर त्याला विचारतात, तुम्ही कोणता घेतला असता? त्यानं मॅडमना तेच विचारलं. "तुम्ही हिच्या जागी असत्या तर काय केलं असतं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मी होते," त्या म्हणाल्या. "एकाच दुपारी तीनदा मत बदललं."

"मग?"

"मग आई म्हणाली, आधी जेवून घे."

आम्ही खाली उतरून टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री एवढी तिखट होती की आमच्या डोळ्यांचं कुणी विचारलंच नाही!

*

सावनेरहून सासूबाई दुसऱ्या दिवशीच आल्या. "मशीन चुकते," त्या म्हणाल्या. "आमच्या गावच्या काट्यावर कापूस नेहमी कमीच भरते. दुसरीकडं दाखवू."

मला सगळं समजत होतं. तरी मी त्यांच्याआधी चप्पल घातली.

दुसऱ्या ठिकाणीही तेच निघालं. डॉक्टर सांगत होते आणि सासूबाई मात्र मशीनच निरखत होत्या. वरून, खालून, बाजूनं. मग त्यांनी चादरीतून माझ्या पायाचा अंगठा धरला.

"मशीन तर नवीनच आहे वं," त्या म्हणाल्या.

*

मी थांबायचं ठरवलं. सगळ्यांना सांगितलं, गोळ्यांची भीती वाटते. खरं म्हणजे मला ते अजून थोडे दिवस जवळ हवं होतं. उलट्या सुरूच होत्या. लॅबमध्ये उग्र वासाच्या सॉल्व्हंटची बाटली उघडली की मी बेसिनकडे धावायची. शरीराला कोण समजावणार!

शेवटी बसमध्ये दोघींना सांगितलं. झालं! वादच पेटला.

"सफाई करून घे. मोकळी होशील," वंदनाताई म्हणाल्या.

"काहून? गोळ्या घे. आपल्या घरी, आपल्या बिछान्यात," रेखा म्हणाली.

"गोळ्यांनी किती दुखते, माहीत आहे का तुले?"

"मले नाही तर कोणाले माहीत राहीन? मी घेतल्या होत्या! भुलीतून उठल्यावर कसं वाटते, ते तुम्हाले माहीत आहे काय?"

"हाव. आहे माहीत."

वर्षानुवर्षं एका सीटवर बसणाऱ्या, एकमेकींच्या डब्यातलं खाणाऱ्या बाया!

"सांगितलं काहून नाही वं?" वंदनाताईंनी विचारलं.

"तुम्ही तरी कुठं सांगितलं?"

कळमेश्वर आलं तरी आम्ही उठलो नाही. गजाननभाऊंनी इंजिन बंद केलं आणि पोरांना मागच्या दारानं उतरवलं.

*

वाट पाहून काहीच झालं नाही. पुन्हा मॅडमकडे गेलो, तपासणी झाली आणि मी गोळ्यांवर आले. एका रविवारी घरीच. दुखणं कसं येईल, रक्त किती गेलं तर लगेच दवाखान्यात यायचं, हे मॅडमनी सचिनकडून दोनदा वदवून घेतलं होतं. दुखलं. खूप दुखलं. मी बाथरूममध्ये, आणि हा बाहेरून दार वाजवतोय.

"काही लागते काय?"

"नाही."

थोड्या वेळानं पुन्हा टकटक. "काही लागते काय?"

"नाही न रे! तू बस तिकडं."

मग दाराला टेकून तो खाली बसल्याचा आवाज आला.

"मी इथंच बसू काय?" तो म्हणाला. "मले लागते."

मी कडी काढली.

*

नंतर तपासणीत सगळं ठीक निघालं. मॅडम म्हणाल्या, कामावर जा. गेले. लॅबमध्ये सॉल्व्हंटची बाटली उघडली, वास आला, आणि काही झालंच नाही. पोट शांत. मी बाटली नाकाजवळ नेली. आणखी जवळ नेली. डोळे मिटून हुंगत राहिले.

मागून साहेब किंचाळले, "प्रणाली मॅडम, ते पिण्याचं नाही!"

*

दिवाळीच्या खरेदीला आम्ही मेट्रोनं बर्डीला निघालो. सासूबाई आणि मी बसलेल्या, सचिन समोर दांडा धरून उभा. सासूबाईंच्या शेजारी एक अनोळखी आजी होत्या. दोघींच्या गप्पा लगेच जमल्या. धान कसं आहे, गुडघे कसे आहेत, सगळं झालं.

"लेकरं किती तुम्हाले?" आजींनी विचारलं.

"पाच," सासूबाई म्हणाल्या.

सचिन वाकून म्हणाला, "आई, आम्ही भावंडं तर तिघंच आहोत न!"

"तुले कोण विचारून राहिलं बे?"

सचिन दांडा धरून तसाच उभा राहिला. आजींनी माझ्याकडे पाहिलं. "आणि सुनेले?"

मी तोंड उघडलं, पण सासूबाईच बोलल्या. "एक."

"हाव काय! कोणावर गेलं?"

सासूबाईंनी आधी सचिनकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून माझा चेहरा नीट निरखला, सावकाश.

"सुनेवर," त्या म्हणाल्या.