वाक्यात बसवलेली माणसं

गल्लीत तिला सगळे वाक्यबाई म्हणत. इंग्रजीची शिकवणी घ्यायची, पण वाक्प्रचाराचा अर्थ घोकून घ्यायचा नाही, हा तिचा हट्ट. "नुसता अर्थ वाऱ्यावर उडून जातो," म्हणायची, "त्यात माणूस बसवला की हलत नाही." म्हणून ओळखीचं कुणीतरी धरून वाक्य करायची. 'फॉल आउट' म्हणजे बिनसणं, तर त्यात कोपऱ्यावरचा शिंपी आणि त्याचा भाऊ. 'ब्रेक डाउन' म्हणजे बंद पडणं, तर त्यात कंडक्टरची बस.

हा कंडक्टर तिच्या वर्गातला सगळ्यात थोराड विद्यार्थी, बढतीच्या परीक्षेला बसलेला. त्यानंच विषय काढला. "बाई, शिंप्यानं दुकानाच्या मधोमध भिंत घातली, भावाचं तोंड बघत नाही. आणि माझी गाडी काल पुलावर बंद पडली. मला नका बसवत जाऊ वाक्यात. उभाच बरा, सवय आहे."

वर्ग खिदळला. बाईही हसली, पण खडू बोटांतच राहिला.

घरी थोरली बहीण होती, अक्का. आई गेल्यावर तिनंच बाईला वाढवलं, शिकवलं, आणि स्वतः इंग्रजीच्या वाटेला कधी गेली नाही. स्वयंपाकघरातून वर्ग ऐकायची अन् टोमणे मारायची.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला," ती म्हणाली. "आणि तू तर कावळाही नीट नाहीस, बये. चहा घे, निवतोय."

बाईला पटलं, कारण तिला पटवून घ्यायचंच होतं. दुसऱ्या दिवशी 'पास आउट' आलं. शुद्ध हरपणं. परक्या माणसाचं नाव घ्यायला जीभ रेटेना. घरचं माणूस हक्काचं म्हणून तिनं अक्काला बसवलं. वाक्य पुरं झालं आणि आत भांडं घरंगळलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, सगळं जागच्या जागी आहे, फक्त शुद्ध येत नाही, वाट बघा. बाईनं तळपाय चोळले, हाका घातल्या. "अक्के, ऊठ गं. मी काय करू एकटी?" अक्का हललीही नाही. शेवटी भर दुपारी, नर्सची पाठ वळल्यावर, बाई कानाशी वाकली. 'कम राउंड', म्हणजे शुद्धीवर येणं. अक्काला त्यात बसवून तिनं वाक्य सावकाश म्हटलं.

अक्कानं डोळे उघडले. आणि तेच वाक्य, इंग्रजीत, एक शब्द न चुकता, वर्ग म्हणतो तसं मागून म्हटलं.

घरी आणली तेव्हा अंगानं ठणठणीत होती. पण बसवली तिथंच बसून राहायची. ताट पुढं ठेवून बाई म्हणाली, "जेव ना गं," तर नुसती ओठांकडं बघत राहिली. 'ईट अप', म्हणजे ताट स्वच्छ करणं, असं अक्काला धरून वाक्य केलं, तेव्हा शेवटच्या घासापर्यंत जेवली. 'लाय डाउन' म्हटलं की आडवी व्हायची. मराठी तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. टोमणा नाही, म्हण नाही, बये नाही. कंडक्टर बघायला आला, उंबऱ्यातूनच म्हणाला, "या बऱ्या झाल्यात का, बाई?" बाईनं दार लोटून घेतलं. तिनं वर्ग बंद केला.

एका सकाळी मात्र तिनं ठरवलं, आज वाक्य नाही. आपली अक्का आत असेल तर आपणहून हलेल. एकदा नुसतं बये म्हणेल, तेवढं पुरे.

अक्का खाटेच्या कडेला बसून राहिली. चहावर साय धरली. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. बाईनं ओठ मिटून धरले.

उन्हं उतरताना अक्काचे ओठ हलले. बाई धावली, तिच्या तोंडाशी कान नेला.

अक्का बोलली ती इंग्रजीतच. वाक्य नवं होतं, बाईनं कधीच न शिकवलेलं. त्यात 'सिट डाउन' होतं, आणि अक्कानं त्यात बाईला बसवलं होतं.

बाईचे गुडघे आपोआप वाकले. ती अक्काशेजारी खाटेवर बसली. उठून दिवा लावावा म्हणून तिनं जोर केला, पण पाय उचलेनात. मग तिनं मान वळवली आणि अक्काच्या ओठांकडं बघत राहिली.