काकीचा डावा डोळा

पाळकसाहेब म्हणायचे, "चला, डोळे मिटू या," आणि काकीचा उजवा डोळा शहाण्यासारखा मिटायचा. डावा मात्र टक्क उघडा. हात जोडलेले, पदर डोक्यावर, ओठ हलतायत, सगळं कसं भक्तिभावानं. आणि तो एक डोळा चर्चभर हिंडत असायचा. बायकांच्या बाजूनं निघून पुरुषांच्या बाजूला, तिथून दारातल्या चपलांपर्यंत, आणि परत.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना हे तुला कसं दिसलं? रास्त आहे. मी आमच्या चर्चमधला पेटीवाला. आठवडाभर दुकानात टॉवेलांच्या घड्या घालतो आणि रविवारी पेटी वाजवतो. पाळकसाहेब 'आमेन'ला कधी पोहोचतील याचा नेम नाही, आणि आमेन झाल्या झाल्या सूर धरला नाही तर मंडळी आपापल्या पट्टीत सुटतात. त्यामुळं माझे डोळे कामापुरते उघडे. निदान माझं म्हणणं तसं होतं.

काकीला ते पटलेलं नव्हतं. एकदा उपासना सुटल्यावर ती पेटीजवळ आली.

"पेटीवाल्या, पाळक हुबं ऱ्हात्यात उजवीकडं. तुजं डोळं डावीकडं, गायनाच्या पोरींकडं, कशापायी?"

"काकी, म्हणजे तुम्ही प्रार्थनेत डोळे उघडे ठेवता?"

"एकच," ती म्हणाली. "आन् जागी हाय मी!"

'जागी हाय मी' हे तिचं ठेवणीतलं उत्तर. प्रभूनं जागं राहून प्रार्थना करायला सांगितलंय, हा तिचा आधार. "डोळं मिटून जागं कसं ऱ्हायाचं, सांगा की! आमी तर मिटलं की घोरतोच." भल्याभल्या पाळकांना यावर उत्तर सुचलं नाही. आणि गायनातल्या ज्या पोरीकडं माझे डोळे जायचे, तिच्या घरी काकी आपण होऊन गेली आणि बोलणी करून आली. आमचं लग्न तिनं जुळवलं. आजही बायको चिडली की म्हणते, "काकीनं तेवढा डोळा मिटला असता तर मी सुटले असते."

काकी मूळची मंगळवेढ्याकडची. लग्न होऊन सोलापुरात आली ती सासूच्या हाताखाली. सासू फार प्रार्थनाशील. "आदामापास्नं सुरू करायच्या," काकी सांगायची. "नोहाचं तारू पान्याला लागंस्तवर हिकडं माजं दूध उतू जायाचं. आन् बोलनी कुनाला? मला! मग ठरिवलं, एक डोळा देवाकडं, एक दुधाकडं." पुढं सासू गेली, चूल जाऊन गॅस आला, नवराही लवकर गेला. दवाखान्यात आयाचं काम करून तिनं एकटीनं मुलगा वाढवला. डोळा मात्र उघडा तो उघडाच राहिला.

त्या डोळ्यातून काही सुटायचं नाही. आमच्या चर्चचे एक पंच, वजनदार माणूस, प्रार्थना लांबली की मोबाइल मांडीवर धरून क्रिकेट बघायचे. एका रविवारी आमेन झालं, मी सूर धरणार, तोच बायकांच्या बाजूनं आवाज आला, "पंच, इकेटी किती पडल्या वो?" पंच लालबुंद. मी पेटीवर डोकं टेकवून हसलो. काकी शांतपणे गीताचं पुस्तक उघडत शेजारणीला म्हणाली, "हसता काय? पंचच त्ये. त्यास्नी बघावंच लागतंय."

पण डोळा एवढ्यासाठी नव्हता, हे मला हळूहळू कळलं. प्रार्थनेत माणूस आपला चेहरा सांभाळत नाही. डोळे मिटले की जगानं पण मिटलेत असं त्याला वाटतं आणि पोटातलं सगळं तोंडावर येतं. काकी नेमकं तेच बघायची. मागच्या बाकावरची कोणी पदराआड रडतेय, कोणी दादा गालावरून हात फिरवतोय. काकी लांबून मला भुवईनं खूण करायची, 'दिसलं का?' मी पेटीमागून मान हलवायचो, 'दिसलं.' उपासना सुटली की ती पाळकसाहेबांना सलाम करायलासुद्धा थांबायची नाही. थेट त्या माणसाजवळ जायची. काय झालं, कसं झालं, एक अक्षर विचारायची नाही. "चल, घासभर भाकरी खाऊ," एवढंच. आणि घरी नेऊन कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढं ठेवायची. माणूस खाता खाता आपसूक बोलायचा.

मी एकदा चिडवलं, "काकी, तो देवाशी बोलत होता. तुम्ही मध्ये कशाला?"

"देवानं ऐकलंच असंल की. पर भाकरी थापाय त्येला कुनीतरी पायजे का न्हाय?"

चर्चच्या रविवारच्या शाळेत लहान मुलांचा वर्ग तिच्याकडं होता. वचनं पाठ करून घेताना ती गडबड करायची, गोष्टी सांगताना बायबलमधल्या योनाला माशाच्या पोटात शेंगाचटणी खायला घालायची. पण पोरं तिच्या पदराला चिकटलेली. आणि पोरं सांगितलेलं शिकत नाहीत, बघितलेलं शिकतात. पुढं जे झालं ते त्यामुळंच.

नाताळचा कार्यक्रम होता. पुण्याहून मोठे पाहुणे आलेले. पोरं मंचावर ओळीनं उभी राहिली, पाळकसाहेब म्हणाले, "डोळे मिटू या," आणि मी बघतो तो काय, ओळच्या ओळ डावा डोळा उघडा! ज्यांना एकच डोळा मिटणं जमत नव्हतं त्यांनी उजव्या डोळ्यावर चक्क तळहात धरलेला, चष्म्याचा नंबर काढायला उभं राहिल्यासारखा. प्रार्थना संपल्यावर पाहुणे तडकले. "ही कसली शिकवण? मुलं डोळे उघडे ठेवून प्रार्थना करतात?"

काकी जागेवरून उठली. "पाव्हनं, तुमाला कसं दिसलं वो?"

चर्च असं हसलं की पंखे थांबले असते. पाहुणेही हसले बिचारे. आमच्या पाळकसाहेबांना मात्र हसू आलं नाही. माणूस वाईट नव्हता, नवा होता, त्याला मान खाली घालावी लागली. पुढच्या रविवारी त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं, काकींचं वय झालंय, वर्ग आता तरुण हातात देऊ या.

काकीनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग प्रार्थना सुरू झाली आणि सवयीनं मी तिच्याकडं बघितलं. तिचे दोन्ही डोळे मिटलेले होते. दोन्हींतून पाणी वाहत होतं. मी खूण करायला भुवई उचलली खरी, पण ती बघणार कोण?

आमेननंतर मी कुठल्या सुरात वाजवलं देव जाणे. पेटी तशीच उघडी टाकून तिच्यापाशी गेलो. "चला काकी, घासभर भाकरी खाऊ."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी रडतीया, तुला कसं दिसलं?"

"जागा हाय मी."

तेव्हा कुठं हसली. आमच्याकडं जेवताना मग मनातलं बाहेर आलं. वर्ग गेल्याचं दुःख होतंच, पण खरं दुखणं मुलाचं. तो पुण्यात मोठ्या नोकरीवर. लहानपणी पोरं आईला 'चकणी काकी' म्हणायची, ते त्याच्या मनाला लागलेलं. मोठा झाल्यावर म्हणाला, "आई, देवाशी बोलायचं तर नीट बोल. लोक हसतात. आणि 'हाय' नको गं, 'आहे' म्हण." तेव्हापासून चर्चची पायरी चढला नव्हता. सुट्टीत आला तर आईला फाटकापर्यंत सोडायचा आणि बाहेर गाडीत बसून राहायचा.

"दुसऱ्याच्या रानात पेरलं, भरभरून उगावलं," काकी म्हणाली. "माज्याच वावरात कायबी न्हाय. माज्या मागं माज्या घरात प्रार्थना कोन करनार रं?"

मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

गंमत पुढं आहे. पाळकसाहेबांनी वर्ग दिला माझ्या बायकोला. शिकलेली, शिस्तीची, उत्तम निवड! फक्त ती लहानपणी कुणाच्या वर्गात होती, हे त्यांनी विचारलं नव्हतं. पहिल्याच रविवारी मी खिडकीतून डोकावलो. वर्ग प्रार्थनेत, आणि बाईसाहेबांचा डावा डोळा सताड उघडा. त्या डोळ्यानं तिनं मलाही पकडलं आणि तिथूनच हाकललं. काकीला सांगितलं तर ती ठसका लागेपर्यंत हसली. मुलाचं मात्र तिनं पुन्हा काढलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात काकी गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. दफनाला सगळं चर्च आलं. तिनं भाकरी खाऊ घातलेली माणसं कुठून कुठून आली होती, त्यात आमच्यातली नसलेलीही पुष्कळ. मुलगा कबरेच्या कडेला उभा होता, इस्त्रीच्या शर्टात.

मूठमाती झाली. पाळकसाहेब म्हणाले, "डोळे मिटू या." तिथं पेटी नव्हती, मला निमित्त नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि पोटातलं सगळं तोंडावर आलं. काकीच्या भुवईची आठवण झाली. आता खूण कोणाला करायची? मी लहान पोरासारखा रडत होतो. राहवलं नाही, मग डोळे उघडले.

बायकोचा डावा डोळा उघडा. पोरांचे उघडे. पाळकसाहेबांचासुद्धा, किलकिला का होईना, उघडा होता. पण मी बघत राहिलो ते काकीच्या मुलाकडं. हात जोडलेले, ओठ हलत होते. उजवा डोळा मिटलेला, डावा उघडा, ओला, आणि तो माझ्यावर लागलेला.

आमेन झालं. लोक त्याला भेटायला पुढं सरकले, तर तो त्यांच्यातून वाट काढत माझ्याकडं आला.

"दादा, चला. घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणलीय. घासभर खाऊ."

"अरे, तुझी आई गेली आणि तू मला... मी रडतोय, तुला कसं दिसलं?"

त्यानं माझा हात धरला. "जागा हाय मी," तो म्हणाला.