मुरमावरचा तरवड

आज सकाळी बागेच्या फाटकापाशी टेम्पो उभा होता आणि त्यातून हिरवळीच्या गुंडाळ्या उतरत होत्या, मांडववाल्याच्या सतरंज्या उतराव्यात तशा. ओल्या, किंचित कुजकट मातीचा वास रस्त्यापर्यंत आला होता. बारामतीच्या उन्हात ही हिरवळ किती टिकते हे वसाहतीतलं कुणीही सांगेल. तरी ती येते, जळते आणि पुन्हा येते. मी कपाळाला हात लावला. त्या वासानं मला आमचे जुने माळी आठवले, आणि त्यांच्याबरोबर हमखास येणारी चिडचिडही. तिच्यातली थोडी त्यांच्यावरची, बाकी सगळी माझ्यावरची.

मी तेव्हा शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, म्हणून मला बाग समितीवर घेतलं होतं. माळी कन्हेरीहून सायकलवर यायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. जागा म्हणजे निव्वळ मुरूम, कुदळ मारली की ठिणगी उडावी असा. आबांनी कालव्याच्या कडेच्या तरवडाचं बी आणून पेरलं, वाटेच्या दोन्ही बाजूंना शंकासुर लावला. कण्हेर मात्र झोपाळ्यांपासून लांब, मागच्या कुंपणाला. ती विषारी आहे, पोरं तोंडात घालतील, हे मी सांगण्याआधीच त्यांनी ताडलं होतं. दोन वर्षांत तरवड असा पिवळाधमक फुलला की एसटीतली माणसं मान वळवून बघत. भर उन्हाळ्यात आमच्या कुंड्यांतली गुलाबं माना टाकून बसलेली असताना शंकासुर लाल-केशरी तुरे हलवत खुशाल उभा असे.

पण हा माणूस बैठकीला कधी यायचा नाही. झाडांची यादी करा, कारणं सांगा, मी समितीला समजावते, असं मी कितीदा विनवलं.

"झाड दिसतंय की, बाई," ते म्हणायचे. "कागुद कशाला?"

मग बागेच्या औपचारिक उद्घाटनाचं ठरलं. पाहुणे येणार, फोटो निघणार. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "तरवड काय रानात कुठंही उगवतो. लोकांना वाटेल, पडीक जमीन आहे." हिरवळ हवी, असं एकमतानं ठरलं. त्या एकमतात मी होते. कुठलं झाड किती पाण्यावर जगतं हे वर्गात घसा फोडून शिकवणारी मी त्या दिवशी चहाच्या कपाकडे बघत बसले. विरोध करून वाईटपणा कोण घेणार?

आबांना निरोप मीच दिला. त्यांनी हातातली झारी खाली ठेवली.

"हितं पाणी चार दिवसांनी येतंय. गवताला रोज लागतंय. मग कोण मरंल, तुमीच सांगा."

मी म्हटलं, "आबा, ठराव झालाय."

"झाला असंल. मी लावलंय, मी उपटणार न्हाय. दुसरा माणूस बघा."

जेसीबीनं तासाभरात काम उरकलं. आबा दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. इतका हट्ट कशाला, म्हणून मी कितीतरी दिवस त्यांच्यावरच रागावून होते. उन्हाळ्यात हिरवळ पिवळी पडली, मग तपकिरी, तेव्हा कुठे तो राग निवला. एका रविवारी मी बावड्याला गेले. आबा तिथे लेकीकडे राहत होते. अंगणात बाजेवर बसले होते. नजर बरीच अधू झाली होती, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"आबा, परत या. तुम्हाला हवी तीच झाडं लावू."

"आता न्हाय जमायचं. दिसत न्हाय मला." मग म्हणाले, "झाडांचं काय, बाई, ती कुठंबी येत्याल. पर त्या दिवशी तुमी काय बोलला न्हाय. तुमाला तर सगळं म्हाईत हुतं."

"चुकलं माझं."

"व्हय," ते म्हणाले.

बस, एवढंच. असू द्या, जाऊ द्या, असं काहीएक नाही. लेकीनं चहा आणला, आम्ही दोघांनी तो प्यायला. पुढच्याच वर्षी ते गेले.

कमी पाण्यावर, कमी मातीवर जो तग धरतो, त्याला काही लागत नाही असं आपण खुशाल धरून चालतो. त्याला कुणी विचारत नाही, कारण तो मागत नाही. हे मला चांगलंच माहीत होतं, आणि माहीत असणं किती निरुपयोगी ठरू शकतं, हे मला आबांच्या त्या एका होकारानं कळलं. तो होकार त्यांनी गोड करून दिला नाही. इतक्या वर्षांनी वाटतं, त्यांनी माझा मान राखला तो तेवढ्यातच.