चटणीच्या लेखाचं शेपूट

स्वतःचं लिखाण तपासायच्या माझ्या तऱ्हा हा आमच्या घरातला कायमचा चेष्टेचा विषय. कधी लेख शेवटच्या परिच्छेदाकडून उलटा वाचायचो. कधी कागद कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी टांगायचो आणि लांब उभं राहून बघायचो, कुठला परिच्छेद फार फुगलाय. "आज लेख धुतलाय वाटतं," असं बायको शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची.

खरी भिस्त मात्र टेपरेकॉर्डरवर. नव्वदनंतर केव्हातरी देवळाली कॅम्पच्या बाजारातून आणलेला. लेख मोठ्यानं वाचून कॅसेटमध्ये भरायचा आणि दुसऱ्या दिवशी दाढी करताना ऐकायचा. जिथं माझा मलाच कंटाळा येई, तिथं फेसाळ बोटानं कागदावर खूण. मग दुरुस्त्या करून पुन्हा एकदा भरायचा. कॅसेट एकच. नवं वाचन जुन्यावरच चढायचं. माझा आवाज साठवून ठेवावा असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. सगळी नोकरी मनमाडला रेल्वेत झालेली, निवृत्तीनंतर नाशिकला आमच्याकडे. मी वाचत असलो की ते आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले असत. झोपलेत असं समजावं, तर मध्येच आवाज यायचा.

"अरे, गाडी सुटणार कधी? दोन पानं झाली, तू अजून फलाटावरच."

"दादा, टेप चालू आहे."

"असू दे. तिलाही कळू दे."

हे सगळं कॅसेटमध्ये उतरायचं. दुसऱ्या दिवशी ते ऐकून मी मुकाट्यानं पहिलं पान फाडायचो.

दादा गेले तेव्हा मला रडू आलं नाही. आलेल्यांना चहा दिला का, सतरंज्या कुणाच्या, एवढंच डोक्यात. तेराव्यानंतर, मी ज्या रविवार पुरवणीत लिहायचो तिच्या संपादकांचा फोन आला, वडिलांवर लिहा म्हणून. लिहिलं. सवयीनं टेपरेकॉर्डर काढला, कॅसेट मागे नेली, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि वाचलं. मध्ये कुणी बोललं नाही.

सकाळी दाढी करताना ऐकलं. 'प्रेमळ' दोनदा आला होता. एक खोडला.

बायको चहा घेऊन दारात उभी होती. "अहो, ही तीच कॅसेट ना? हिच्यात दादा होते."

दादांचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता. "हो," मी म्हणालो आणि उरलेला गाल उरकला. गाल गार होता, एवढंच कळत होतं.

माझं वाचन संपलं. टेप बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. खट्ट झालं आणि मागचा, शेंगदाण्याच्या चटणीवरचा लेख मध्येच सुरू झाला. तो लांबलचक होता, त्यामुळे त्याचं शेपूट पुसलं गेलं नव्हतं. माझाच आवाज, चांगला रंगात आलेला. तो थांबला. आरामखुर्ची करकरली.

"संपलं?" दादा म्हणाले. "चटणीवर एवढं?"

मग नुसती खरखर.

बायको हसली आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. "पुन्हा लावा ना," म्हणाली. मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही. मग स्क्रूड्रायव्हर शोधला आणि कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या तोडल्या. त्या नसल्या की लाल बटण दाबलंच जात नाही.

"आता दुरुस्तीनंतर कशात भरणार?" तिनं विचारलं.

"राहू दे."

लेख तसाच पाठवला. रविवारी छापून आला, बऱ्याच जणांनी छान लिहिलंय म्हणून सांगितलं. मी दादांच्या आरामखुर्चीशेजारी बसून तो मोठ्यानं वाचला, टेपशिवाय. दादांचा जन्म, त्यांचं गाव, त्यांचे आजोबा. अर्धा लेख संपला तरी दादा स्वतः काही आले नव्हते. मी अजून फलाटावरच होतो.