‘हिमसेल्फ’चं नाव

“हिमसेल्फ अजून आले नाहीत,” असं लिफ्टपाशी मान तिरकी करून ती सांगायची. हिमसेल्फ म्हणजे तिचा नवरा. सिंगापुरात हौगांगच्या आमच्या ब्लॉकमधली ही आयरिश शेजारीण साठीची, पेशाने शिक्षिका, बोलायला लागली की ऐकत राहावं अशी. पण नवऱ्याचं नाव कधी घ्यायची नाही. हिमसेल्फना मासे आवडत नाहीत, हिमसेल्फचे गुडघे दुखतात. अशा बायका तुमच्याही पाहण्यात असतील, फक्त गोऱ्या नसतील.

पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना मी अर्थ सांगितला, तशा त्या खूश झाल्या. “अगं, म्हणजे आपलं ‘हे’च की.” मग दोघींचं असं जमलं की विचारू नका. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, तरी गुडघ्यांवर तासन्‌तास बोलायच्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावलं. तिळगूळ झाला आणि बायकांनी धरलं, उखाण्यात नाव घ्या. तिने हसत, पण ठाम नकार दिला. “जस्ट से लाह, आंटी,” माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

तेव्हा शेजारणीने आपल्या पणजीची गोष्ट सांगितली. आयर्लंडात इंग्रजांविरुद्ध बंड पेटलं होतं आणि पणजोबा त्यात होते. शिपाई त्यांचं नाव विचारत खेड्यात आले. सापडले असते तर गोळीच घातली असती. पण खेड्यात निम्म्यांचं आडनाव एकच, त्यामुळे घर कोणतं ते कळेना. पणजोबा माळ्यावर लपलेले. खाली शिपायांनी पणजीला विचारलं, नवऱ्याचं नाव काय? ती म्हणाली, हिमसेल्फ बाजाराला गेलेत. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी एकाने तिच्या चार वर्षांच्या मुलीला जवळ घेतलं आणि बाबांचं नाव विचारलं.

“हिमसेल्फ,” मुलगी म्हणाली.

पोरीने दुसरं नाव कधी ऐकलंच नव्हतं. शिपाई हसले आणि पुढच्या घराकडे वळले. पणजोबा मग म्हातारे होऊन, अंथरुणात गेले. ती मुलगी म्हणजे हिची आजी.

मी मराठीत सांगेपर्यंत सासूबाईंचे डोळे भरून आले होते. डोळे पुसून त्या माझ्याकडे वळल्या. “नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हटलं तर हसतेस ना मला?” नवऱ्याला अरे-तुरे करणारी मी, त्यांच्या हातावर आणखी एक तिळगूळ ठेवला.

गेल्या वर्षी ती दोघं मायदेशी परतली. मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. पण हिमसेल्फचं नाव काही आम्ही शेवटपर्यंत विचारलं नाही. उगाच कशाला?