सेलवरची आरती

संयोगिता टेलरला गणपतीच्या आरतीचा मान हवा होता. बाकी तिचं कुणाकडं काही मागणं नव्हतं. तृतीयपंथीयांसाठी कायदा झाला होता, तिचं ओळखपत्रही आलं होतं, मुंबईला जाऊन मोर्च्यात घसा बसेपर्यंत घोषणाही देऊन झाल्या होत्या. पण स्वतःच्या गल्लीत, तालमीच्या गणपतीपुढं, एका संध्याकाळी थाळी हातात धरून उभं राहायचं, तेवढं काही जमत नव्हतं. दिल्ली हलली हो, गल्ली हलायला तयार नव्हती.

कोल्हापुरातल्या या गल्लीची रीत अशी, की गणपती बसला की रोज संध्याकाळची आरती एकेका घराला. दुपारी तालमीच्या दारातल्या फळ्यावर खडूनं नाव लागायचं, 'आजच्या आरतीचे मानकरी, श्री. व सौ. अमुक तमुक.' मग ते जोडपं नटूनथटून आरती करणार आणि थाळी दारोदार फिरवणार. काल भाड्यानं आलेल्या माणसाचंही नाव आज फळ्यावर दिसायचं. संयोगिता तर कितीतरी वर्षं इथंच राहत होती. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज तीच शिवायची. बाप्पाचा शेला, मांडवाचे पडदे, झांजपथकातल्या पोरांचे झब्बे, सगळं तिच्याच मशीनवरनं निघायचं. वर्गणीचं पावतीपुस्तक सगळ्यात आधी तिच्याच दारात यायचं. थाळी मात्र शेजारच्या धोंडुबाईच्या दारापर्यंत यायची आणि तिथनं माघारी वळायची.

तालमीचे अध्यक्ष हंबीरराव. माणूस लई दिलदार, निदान बोलताना. दर साली संयोगिता विचारायची आणि दर साली ते डोकं खाजवायचे. "फळ्यावर श्री. व सौ. असतंय. तुझं काय लिवायचं, सांग की? माझं काय न्हाय बघ, पर लोकं बोलत्यात." लोकं म्हणजे कोण, असं विचारलं की हंबीररावांना नेमका फोन यायचा.

यंदा मात्र हंबीरराव एकदम सुधारले. झालं असं, की गेल्या साली शेजारच्या पेठेतल्या मंडळानं सजीव देखाव्यात 'मोबाईलचे दुष्परिणाम' दाखवून पहिला नंबर मारला होता. ते हंबीररावांच्या फार जिव्हारी लागलं. "यंदा विषय हार्ड पायजे," ते मीटिंगमध्ये गरजले आणि विषय ठरला, 'तृतीयपंथी, आपल्याच घरातले!' गल्लीच्या तोंडाला आणि मांडवावर फ्लेक्स लागले. त्यावर हात जोडलेले हंबीरराव एवढे मोठे झाले, की तृतीयपंथीयांना बिचाऱ्यांना खालचा कोपरा मिळाला.

देखाव्यात अशी गोष्ट होती, की एका तृतीयपंथी मुलीला घरचे हाकलतात, लोक हसतात, आणि शेवटी गल्लीला जाग येते. गल्ली तिच्या हातात आरतीची थाळी देते! संवाद सगळे रेकॉर्ड केलेले, स्टेजवरच्यांनी नुसते ओठ हलवायचे. थाळीतला दिवा सेलवरचा, कारण पुठ्ठ्याच्या देवळाशेजारी जाळ नको. आणि ती मुलगी कोण? तर सम्राट. तालमीत दंड-बैठका मारणारा, मांडीवर थाप मारली की पारवे उडावेत असला गडी. त्याची मिशी काढली, गजरा माळला, झाला तृतीयपंथी. त्याला साडी कोण नेसवणार, ते सांगायला पाहिजे का?

"तुझा हात बसलाय न्हवं साडीवर," हंबीरराव म्हणाले. "घरचं काम समजून कर."

संयोगिताचा संताप संताप झाला. तरी तिनं केलं. रोज संध्याकाळी सम्राटच्या निऱ्यांना पिना लावताना ती मनाशी म्हणायची, रोज तेच ऐकून ऐकून ह्यांच्या टाळक्यात काहीतरी शिरेल. शिरलं की! स्पीकरवर "ती पण आपलीच लेक हाय" असं वाजलं की बायका डोळे पुसायच्या. मग पडदा पडायचा आणि त्याच बायका टेलरच्या शेजारनं जाताना अंग चोरायच्या.

आणि परीक्षक येणार त्याच दिवशी घोळ झाला. गारगोटीच्या एका मुलीशी सम्राटचं लग्न जुळत आलं होतं. मुलीच्या मामानं आदल्या संध्याकाळी गुपचूप येऊन देखावा बघितला होता. "पोरगं लईच मन लावून करतंय," मामानं निरोप धाडला, "आमास्नी जरा शंका हाय." झालं! सम्राटनं गजरा फेकला. "दादा, माझं लगीन मोडाय लागलंय. मी काय तसला वाटलो व्हय?" आठवडाभर स्टेजवर जो 'तसलं' म्हणणाऱ्यांची लाज काढत होता, तो गाडीला किक मारून पसार झाला.

मग हंबीरराव टेलरच्या दारात आले. नुसते दारात न्हाय, उंबरा ओलांडून आत. आणि 'तू'चं 'तुमी'सुद्धा झालं.

"तुमीच उभ्या ऱ्हावा आता. तालमीच्या इज्जतीचा सवाल हाय."

"मला काय मिळणार?"

"उद्याची आरती तुमची. शब्द हाय हंबीररावाचा!"

संयोगितानं कात्री खाली ठेवली. तिला एकदम भरून आलं. एवढ्या वर्षांनी कुणीतरी 'तुमची' म्हटलं होतं, मग ते गरजेपोटी का असेना.

ती निघाली ती घरच्याच सुती साडीत, नाकावर चष्मा, गळ्यात मापाची टेप राहिलेली. हंबीररावांनी तिला वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि त्यांचं तोंड पडलं.

"असं न्हाय ओ. एवढं साधं कोण असतंय? जरा कंबर हलवा, टाळी वाजवा. खरं वाटंना."

तिनं कंबर हलवली नाही आणि टाळीही वाजवली नाही. ती सरळ उभी राहिली, ओठ हलवले, सेलचा दिवा ओवाळला आणि उतरली. परीक्षकांनी माईकवर शेरा दिला, विषय उत्तम, नेपथ्य उत्तम, मात्र तृतीयपंथीयाची भूमिका अजिबात अस्सल वाटली नाही. तालमीचा दुसरा नंबर आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फळ्यावर नाव लागलं, 'श्री. व सौ. हंबीरराव'. संयोगिता तशीच तालमीत गेली.

"अध्यक्ष, आजची आरती माझी हुती."

"झाली की काल! साऱ्या कोल्हापूरनं बघितली," हंबीरराव म्हणाले. "एका घराला दोनदा मान दिला तर लोकं बोलतील."

"ती सेलवरची हुती."

"देव काय सेल बघतोय व्हय? भाव बघतोय. आन् तुझ्यापायी पयला नंबर गेला. सांगत हुतो, टाळी वाजव!"

पुन्हा 'तू'. ती माघारी वळली. घरी आली आणि तिनं कापसाची वात वळली.

संध्याकाळी गल्ली माणसांनी फुलली. सौभाग्यवती हंबीरराव अजून नथ शोधत होत्या, तेवढ्यात संयोगिता बाहेर आली. तीच सुती साडी, तोच चष्मा, हातात स्वतःची थाळी, थाळीत तुपाचं निरांजन पेटलेलं. ती गर्दीतनं सरळ चालत गेली आणि मूर्तीपुढं उभी राहिली. देखावा बघायला आलेल्या पावण्यांना वाटलं, सुरू झालं. सगळ्यांचे मोबाईल वर गेले. हंबीरराव ओरडायला तोंड उघडणार, तर डोक्यावर त्यांचाच, 'आपल्याच घरातले!' म्हणत हात जोडलेला फ्लेक्स. उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं.

तालमीची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीच सुरुवात करेना.

"बगताय काय ठोंब्यांनो!" मागनं धोंडुबाई कडाडली. "वात जळाय लागलीया. म्हणा की आरती!"

एका पोरानं झांज वाजवली, मग दुसऱ्यानं. आरती सुरू झाली. हळूहळू अख्खी गल्ली म्हणायला लागली, टाळ्यांनी मांडव दणाणला. संयोगिताचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती, कारण दोन्ही हात थाळीला होते. एकटे हंबीरराव तेवढे हात खाली सोडून उभे होते.

ओवाळता ओवाळता तिनं चष्म्यावरनं त्यांच्याकडं बघितलं.

"टाळी वाजवा की, अध्यक्ष," ती म्हणाली. "खरं वाटंना."