घडी मोडू नये

भोरच्या पेठेत कुणालाही विचारा, ते भांडार नेमकं कुठं होतं हे आता सांगता येत नाही. कुणी चावडीपाशी म्हणतं, कुणी नदीकडे बोट दाखवतं. मी तिथं चार वर्षं उभ्यानं काढली, त्यामुळे असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. एवढं मोठं दुकान आलं आणि बुडालं, आणि गावाला त्याची जागासुद्धा आठवू नये.

भांडाराची मुख्य कचेरी पुण्याला होती आणि शाखा आसपासच्या गावांतून. सुईपासून कंदिलापर्यंत सगळं एका दुकानात, आणि सगळ्यांना एकच भाव. संस्थानात तेव्हा ही नवलाई होती. बायकांच्या कापडाचं दालन वेगळं होतं आणि तिथं बाईच हवी म्हणून मला घेतलं. मी नवऱ्यानं टाकलेली, सातवी पास, भावाच्या घरी राहणारी. वहिनी वाईट नव्हती, पण तिच्या स्वयंपाकघरात मीठ कुठं ठेवायचं हेही मी विचारून ठेवायची. दालन मात्र माझं होतं. नोकरी गेली असती तर परत त्या मिठाकडे जावं लागलं असतं, आणि ते मला काही झालं तरी नको होतं.

आता पुण्याच्या शहाण्यांचा नियम ऐका. प्रत्येक लुगड्याच्या घडीवर भांडाराची कागदी पट्टी चिकटवलेली असायची आणि भिंतीवर पाटी: घडी मोडू नये. विकलं गेल्याशिवाय पट्टी काढायची नाही. पुण्यात म्हणे बायका ढीगभर लुगडी उलगडायच्या आणि एकही न घेता जायच्या. जात असतील. आमच्याकडे बायका यायच्या त्या आंबवड्याहून, सारोळ्याहून, पार वेल्ह्याच्या डोंगरातून. वर्षाकाठी एखादं लुगडं घ्यायच्या. पदर बघायच्या, कापड उजेडात धरून कुठं विरलेलं नाही ना ते तपासायच्या, आणि मग कोपरापासून बोटापर्यंत हातानं मोजायच्या. अठरा हात भरलं तर घ्यायचं. पेठेतले जुने दुकानदार त्यांना गादीवर बसवून सगळा ढीग उलगडून दाखवत. आणि आम्ही काय दाखवायचं, तर पट्टी.

मी पुण्याला पत्रं लिहिली. एक नाही, सहा. उत्तर एकदाच आलं, तेही छापील: शाखांनी नियमांचे काटेकोर पालन करावे. मी कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवसापासून घरून वाटीत गव्हाची खळ न्यायला लागले. ओल्या बोटानं पट्टी सोडवायची, लुगडं उलगडून दाखवायचं, नाही घेतलं तर तशीच घडी घालून पट्टी पुन्हा चिकटवायची. माझं दालन चालायला लागलं. बाजाराच्या दिवशी बसायला जागा नसे. आमच्या व्यवस्थापकांना सगळं ठाऊक होतं. ते भले गृहस्थ, नेमके तेव्हाच पलीकडे कंदिलाच्या काचा पुसत बसायचे.

मग पुण्याहून तपासनीस आले. त्यांना वाकड्या पट्ट्या दिसल्या. खळीला मुंग्या लागल्या होत्या, त्याही दिसल्या. "पुन्हा असं आढळलं तर तुम्हाला घरी बसावं लागेल, बाई," एवढंच म्हणाले, आणि बाजार कसा होतो ते बघायला माझ्याच दालनात खुर्ची टाकून बसले.

त्या दिवशी वेल्ह्याकडची एक बाई आली, लग्न ठरलेल्या लेकीला घेऊन. डोंगर उतरून, धरणाच्या काठाकाठानं चालत आलेल्या, पाय धुळीनं भरलेले. आदल्या वर्षी मी या बाईला पट्टी काढून लुगडं दाखवलं होतं आणि तिनं ते घेतलं होतं. आता तिनं एका हिरव्या लुगड्यावर हात ठेवला.

"ह्ये उलगडून दावा, बाई."

"घडी मोडता येत नाही, मावशी. तसंच न्यावं लागतं."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. "मागल्या साली तुमीच दावलं की. पट्टी काडून."

तपासनिसांनी मान वर केली.

"मी नव्हते ती," मी म्हणाले. "दुसरं कुणी असेल."

त्या दुकानात दुसरी बाई कधी नव्हतीच. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग लेकीला म्हणाली, "चल गं. हितं कायतरी झाकून ठिवलंय." दोघी पायऱ्या उतरून गेल्या. तपासनिसांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवली.

नोकरी राहिली, गिऱ्हाईक राहिलं नाही. भांडारात माल झाकून देतात ही गोष्ट डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर माझ्या पत्रांपेक्षा लवकर पोचली. पुढचे दोन बाजार थोड्याफार बायका आल्या, नंतर त्याही येईनाशा झाल्या. भांडाराच्या इतर शाखाही एकेक करून बंद पडत होत्या, आणि दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच भोरची पाळी आली. मोटारी सुरू झाल्या, लोक खरेदीला पुण्याला जायला लागले म्हणून भांडार बुडालं, असं आता सांगतात. मला कुणी विचारत नाही.

उरलेला माल काढायला तेच तपासनीस आले. त्यांनी दारात जाजम अंथरलं, भराभर पट्ट्या फाडल्या आणि लुगडी उलगडून टाकली. दुपारपर्यंत बहुतेक माल गेला. घाम पुसत ते मला म्हणाले, "पाहिलंत? उलगडून दाखवलं की कसं जातं." जणू हे त्यांनाच आत्ता सुचलं होतं. मी सहा पत्रांचं नाव काढलं नाही. काढायला हवं होतं.

गर्दीत मी त्या बाईला शोधत होते. ती आली नव्हती. ढिगात ते हिरवं लुगडं मात्र अजून होतं. मी ते उचललं आणि पाटीखाली उभं राहून कोपरापासून बोटापर्यंत मोजलं. अठरा हात पुरं भरलं, पदरही चांगला होता. त्यात झाकण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेव्हा मला जी लाज वाटली ती नवऱ्यानं टाकलं तेव्हाही वाटली नव्हती.